फौजी, साहेब आणि शकुंतलाआक्का

आमच्या समोरच्या शकुंतलाआक्कांच्या दारात कायम पुरुषांच्या पायताणांची रांग असते आणि घरात पुरुष एकही नाही.

आम्ही धाराशिवच्या या गल्लीत नवीन आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. फौजी थाटाचे जाडजूड बूट, नाड्यांचे काळे बूट, कातडी वहाणा आणि कुणा पोराचे खेळायचे बूट बघून मी बायकोला म्हणालो, "भरलेलं घर दिसतंय. पूजेला सगळ्यांना जेवायलाच बोलव." तिने हात सैल सोडून स्वयंपाक केला. सत्यनारायणाला आक्का एकट्याच आल्या.

"बाकीची मंडळी?" मी विचारलं.

"कोन मंडळी?"

"नाही, म्हणजे दारात बूट..."

आक्का खो खो हसल्या. "त्येंला भूक न्हाय लागत, भाऊ. तुमी वाढा." पुढे दोन दिवस आम्ही शिराच खात होतो.

आक्का सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. लग्न केलं नाही. तरुणपणी नळदुर्गकडच्या एका खेड्यात बदली झाली तेव्हा दवाखान्याच्या खोलीत एकट्याच राहायच्या. अंधार पडला की कुणीतरी येऊन कडी वाजवायचं. "बाळंतपणाचा निरोप आसंल म्हणून उघडायचं, तर भायेर कुणीच नसायचं," त्या सांगतात. "मग बाजारातनं जुने फौजी बूट आणले आन् दारात मांडले. कडी वाजायची बंद. ज्येला खरी नड हाय त्यो नाव घिऊन हाक मारतोच की!" तेव्हापासून त्यांचं एकच ब्रीद आहे. "घर भरल्यालं दिसाय पायजे."

बुटांना त्यांनी नावं दिली आहेत. फौजी, साहेब, पैलवान आणि कॉलेजकुमार. सगळे रोज एकाच जागी राहिले तर चोराला वास लागेल, म्हणून त्यांची ये-जा चालू असते. मी कोर्टात निघालो की आक्का बातमी देतात, "साहेब आज दौऱ्यावर हायत, पैलवान तालमीतनं आलाय." पैलवानाच्या वहाणांना चिखलसुद्धा लावलेला असतो. मी तोंड वळवून हसतो. शहाण्या बाईच्या वाटेला जाऊ नये, हे मला घरीच कळलेलं आहे.

लग्नसराईत गल्ली निम्मी रिकामी होते. तेव्हा आक्कांची ड्यूटी लागते. गावाला गेलेल्यांच्या अंगणात सडा टाकायचा, रांगोळी काढायची, दोरीवर जुना सदरा वाळत घालायचा आणि फौजीला त्या घरी मुक्कामाला धाडायचं. मोबदला काही नाही. फक्त जाताना सांगून जायचं. "कुलपाचं काय घिऊन बसलाव? कुलूप म्हंजे घरात कुणी न्हाय म्हणून लावल्याली पाटी!"

गेल्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरचे जोशी मास्तर न सांगताच लग्नाला गेले आणि त्यांचं घर फुटलं. भांडीकुंडीसुद्धा गेली. मास्तरांपेक्षा आक्कांनाच जास्त लागलं. दोन दिवस त्या "मला सांगून गेले आसते तर..." एवढंच पुटपुटायच्या.

त्यात सोलापूरहून भाच्याचा, दिलीपचा फोन आला. तो बरीच वर्षं मागे लागला होता, की घर विका आणि माझ्याकडे चला. आता त्याच्या हातात कोलीतच मिळालं. एकट्या बाईने अशा गल्लीत राहायचंच नाही, रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेवा. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला आत्याची काळजी घरासकट उचलायची होती.

आक्कांनी सामान बांधलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि गल्लीतल्या दारादारांत जाऊन सांगितलं, "रविवारी सकाळी माझ्याकडं बैठक. घरातल्या एकानं तरी यायचंच. हवालदारालाबी बोलावलंय." आम्ही सगळे गेलो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाय टाकत होतो. आपलं कुलूप त्यांच्या भरवशावर टाकून आम्ही गावोगाव जेवत फिरलो, आणि त्यांच्याकडे चहाला एकदाही गेलो नाही.

बैठक मधल्या खोलीत. कूलरची घरघर, त्यात हवालदारांचं भाषण. दारात खऱ्या पायताणांचा ढीग पडलेला, म्हणून आक्कांनी फौजी आणि मंडळींना आत घेऊन माळ्यावर विश्रांतीला पाठवलेलं.

नेमका तेव्हाच दिलीप टेम्पो घेऊन आला. दारातला तो ढीग बघून त्याचं डोकं सटकलं. आत्याचं वेड वाढलंय, आधी हेच उकिरड्यावर टाकू, असं म्हणून त्याने टेम्पोतलं पोतं काढलं आणि सगळं त्यात कोंबलं.

बैठक संपवून हवालदार बाहेर आले ते अनवाणीच उभे राहिले. मागे आम्ही सगळे. समोर दिलीप, खांद्यावर पोतं, आणि पोत्याच्या तोंडातून सरकारी बूट डोकावतोय.

"खाली ठेव," हवालदार शांतपणे म्हणाले.

आमच्या गल्लीत मुद्देमालासह सापडलेला पहिला आणि एकुलता एक चोर म्हणजे आक्कांचा भाचा.

"आत्या, सांगा ना ह्येंला!" तो रडकुंडीला आला. "मला वाटलं, तुमचेच बूट हायत!"

आक्का पुढे झाल्या. "दिलीप, समदी पायताणं बघ आन् त्येंची माणसंबी बघ. मी हितनं हालणार न्हाय. उद्या माझ्या घराला कुणी हात लावला तर एवढे पाय पळत येतील. आता पोतं ठेव आन् च्या पी."

दिलीप चहा प्याला. टेम्पो रिकामा गेला. त्याला निरोप देताना आक्कांनी त्याच्या खिशात प्रसादाची पुडी घातली आणि "पोरांना घिऊन ये रं," असं दोनदा म्हणाल्या.

लोक आपापली पायताणं शोधून पांगले. मी मागे राहिलो, माळ्यावरची मंडळी खाली काढायला. आक्कांनी फौजीवरची धूळ पदराने पुसली आणि त्याला उंबऱ्याशी ठेवलं.

"आक्का, आता कशाला हे? आता चोर येत नाही," मी म्हणालो.

"चोराचं भ्याव कवाच गेलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "बाजारातनं आलं आन् दारात पायताणं दिसली की घरात कुणीतरी हाय आसं वाटतं. कुलूप उघडूस्तवर तरी वाटतं."

मी माझ्या चपला फौजीशेजारी ठेवल्या आणि अनवाणी घरी आलो.

"चपला कुठं टाकल्या?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, शेगडीवरची भाजी वाटीत काढून झाकली आणि स्वतःच्या चपला पायात घातल्या.

"तिथं बाईमाणसाच्या चपला एकपण नसतात," ती म्हणाली आणि समोर गेली. अंधार पडेपर्यंत त्या चपला आक्कांच्या दारातच होत्या, आणि आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.