भास्करभाऊंचं कडक पाणी

आमच्या शेजारचे भास्करभाऊ कधी कुणाला शिवी देत नाहीत. फारच डोकं फिरलं तर एवढंच म्हणतात, "कोमट माणूस हाय थो!" नगरसेवक कोमट, चौकातला नवा डॉक्टर कोमट. त्यांच्या नातवाच्या बारशाला मी जेवणाच्या वेळेलाच उगवलो, तेव्हा मीही कोमट.

त्यांच्या मते पाणी एक तर माठातलं गार असावं, नाहीतर अंगाला चटका देणारं. मधलं पाणी आळशी माणसांनी काढलं. कुणाकडे मुक्कामाला गेले की आधी न्हाणीत शिरून बादलीत कोपर बुडवणार. पुतण्याच्या लग्नात यांनी जानवशातल्या एकूणएक बादल्यांत कोपर बुडवून घेतला आणि नवरदेव हळद अंगावर घेऊन ताटकळत बसला!

दारव्ह्यात त्यांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. ते मुलाच्या हाती दिलं आणि एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस उचलली. बाकं काढली, पलंग टाकला आणि मागच्या कोपऱ्यात गॅसवर पाणी तापवायची टाकी बसवली. तोटी बाहेरच्या अंगाला. गल्लीला वाटलं, भाऊ आता काशी-रामेश्वर करणार. कसलं काय! गाडी वर्षातून एकदाच हलते. भाऊबीजेला, दारव्हा ते मारेगाव. बाकी वर्षभर गाडी दारात आणि भाऊ टाकीपाशी.

आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मा दगडच. टाकी रिकामी करा, लिंबूसत्वाचं पाणी घालून क्षार काढा, पुन्हा धुवा, हे सतत चालू. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो म्हणून त्या कोळ्याशी त्यांचं जन्माचं वैर. मी भाजीची पिशवी घेऊन जात असलो की आतून हाक येते, "या मास्तर, ज्योत पाहून जा!"

"निळी हाय ना?"

"निळी आहे."

"टोकाले पिवळी नाई ना?"

"नाही हो भाऊ. माझी मेथी सुकून राहिली."

आमची ही म्हणते, पोराचा पाळणा भाऊंनी एवढ्या मायेनं कधी हलवला नसेल.

एकदा त्यांनी टाकीच्या आतली एक कांडी काढून दाखवली. पार झिजून झिजून तिची काडी झाली होती. म्हणाले, "हे कांडी सोता सडते, म्हणून टाकी सडत नाही. आमच्या बाईसारखी हाय पाहा."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, कौसल्याबाई. आई लवकर गेली, तेव्हा स्वतःची शाळा सोडून हिनंच भाऊंना वाढवलं. रोज पहाटे उठून पाणी तापवायची आणि त्यांना न्हाऊ घालून शाळेत धाडायची. पुढे मारेगावला दिली, तरी भाऊबीजेची आंघोळ तिच्याच हातची. आता तिचे हात थरथरतात. मागे एका भाऊबीजेला उकळत्या पाण्याचं भगोनं उचलताना कलंडलं आणि हात मनगटापर्यंत पोळला. तेव्हा ती म्हणाली, "आता नको येत जाऊ रे. भावाले पाणी देनं जमत नाही, तं भाऊबीज कायची?"

भाऊंनी घरात गीझर लावून देतो म्हटलं. बाईनं दारातूनच परत पाठवला. पाण्यात करंट उतरते म्हणे! दुसऱ्या कुणी पाणी काढून दिलेलं तिला चालत नाही. म्हणून ही गाडी. बाईनं फक्त तोटी सोडायची आणि कढत पाणी बादलीत घ्यायचं. तिनं तोटी सोडली की भाऊबीज टिकली.

मला बहीण नाही. त्यामुळे भाऊबीजेला मी रिकामा, भाऊंसोबत जातो. यंदा पोचलो तेव्हा अंगणात पाट, रांगोळी, तेलाची वाटी, सगळं मांडलेलं. मारेगावच्या सकाळी चांगलाच गारठा होता. भाऊंनी टाकी भरली, बर्नर पेटवला, बाई तेल लावायला बसली. जरा वेळानं मी आत डोकावलो तर ज्योत फुस्स! सिलिंडर रिकामं. दिवाळीआधी रोज संध्याकाळी टाकीची तालीम घेत होते ना! त्या तालमीतच गॅस संपला.

मी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. "बाईचं सिलिंडर काढून आणू काय?"

"चूप राह्य!" ते कुजबुजले. "तिले समजलं तं चुलीवर भगोनं ठेवीन अन् सोताच उचलाले जाईन." तेलानं माखलेला, पंचा नेसलेला तो माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला भलतंच वाईट वाटलं.

"तापलं काय रे पाणी?" अंगणातून हाक आली.

"तापलं ना बाई! सोड तोटी!"

बाईनं थरथरत्या हातानं तोटी सोडली. बादली भरली. वाफेचं नावही नाही. भाऊंनी त्या दिवशी कोपर बुडवला नाही. गुमान जाऊन पाटावर बसले आणि डोळे मिटून घेतले.

बाईनं बादलीत हात घातला. क्षणभर तो तसाच ठेवला. मग भावाच्या उघड्या पाठीकडे पाहिलं. पाठीवर काटा उभा होता.

"बाप्पा, लय कडक हाय रे," ती म्हणाली. "विसण घालू काय थोडं?"

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. "घाल, बाई. मघापासून वाफच लागून राह्यली अंगाले."

आणि बाईनं खरोखर ड्रममधून दोन तांबे थंड पाणी काढून त्या कोमट पाण्यात घातलं. मग पहिला तांबा भावाच्या खांद्यावर ओतला. मी तोंड फिरवून उगाच गाडीचं चाक पाहत उभा राहिलो. बहीण नसल्याचं मला त्या सकाळी फार लागलं.

दुपारी निघताना बाईनं करंज्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि भाऊंना बजावलं, "पुढच्या वर्षी लवकर ये."

यवतमाळ मागे पडलं. शेवटी मलाच राहवेना. विचारलं, "भाऊ, पाणी कसं होतं मग?"

"कडक," ते म्हणाले. "असं कडक पाणी साऱ्या जिल्ह्यात भेटनार नाही तुमाले."

आणि लागोपाठ तीन वेळा शिंकले.