अंताजीपंतांच्या भाकिताचा पडताळा आणि धुळीचा बंदोबस्त

॥ श्री ॥ अक्षरांचा धनी वेगळा, आम्ही केवळ बोरूचे हमाल, हे मनी धरोन आणि वडिलांचे पायी डोके ठेवोन लिहिले जाते ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, भौमवासरे, ते दिवशी सरकारवाड्यात अंताजीपंतांच्या भाकिताचा पडताळा जाहला, त्याची ही हकीकत. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, आणि वाचणारास आपले राज्य ओळखू येतेच.

मूळ प्रकार ऐसा की, चाळीस वर्षांमागे, क्रोधन नाम संवत्सरी, अंताजी मल्हार म्हणोन टपालकचेरीत एक कारकून होता, वय वर्षे चौतीस, बायको नुकतीच वारलेली, घरी पाच वर्षांची लेक द्वारका आणि एक विधवा बहीण. दिवसभर लोकांची पत्रे लावता लावता त्याचे डोक्यात नाही ते शिरले, आणि मग त्याने पुस्तक लिहिले, आणि त्यात अठरा कलमे घालोन पुढे हे राज्य कैसे होईल ते मांडिले. पुस्तक हातोहात फिरले आणि थोरल्या महाराजांनी दोन पाने वाचोन भरले ताट बाजूस सारिले. आज्ञा जाहली की, हा मनुष्य रयतेस भेडसावितो, यास डोंगरी किल्ल्यावर ठेवावा, आणि चाळीस वर्षांनी कलमवार पडताळा घ्यावा. अठराही कलमे खरी निघाली तर मनुष्य सत्यवादी, सबब शालजोडी देऊन पालखीतून घरी पोचवावा, आणि एक जरी खोटे निघाले तर जीव असेतो किल्ल्यावरच असावा. त्यात जुना शिरस्ता ऐसा की, कलम जुळले हे लिहिणाराने स्वतः पाहोन "हेच ते" ऐसे आपल्या तोंडे म्हणावे, तेव्हाच ते खरे. दुसऱ्या कोणाचे म्हणणे चालत नाही.

मग चाळीस वर्षे गेली आणि राज्य बहुत भरभराटीस आले, आणि घरोघर आरसा आला. आरसा म्हणजे तळहाताएवढी काच. ती पाहते, ऐकते, बोलते, वाट दाखविते, लग्न जुळविते, आणि धन्याचा चेहरा उतरला तर हुजुरास कळविते. रयत आरशावाचून पाऊल टाकीत नाही. आणि अकरा वर्षांमागे धाकट्या महाराजांनी रयतेच्या कळवळ्याने ऐसा बंदोबस्त केला की, कोणाचे डोळ्यांत पाणी दिसले की आरशाने गोड आवाजात पुसावे, "रडता काय?" आणि होय म्हटले की दोन प्रहरांत पांढरी गाडी दारी उभी राहते आणि त्या माणसास समाधानशाळेत नेते. तेथे महिनाभर उपचार होतो. परत येते ते माणूस फार सुखी असते, घरच्यांची नावे तेवढी त्यास पुन्हा सांगावी लागतात. द्वारकाबाईंच्या आत्याबाई ऐशाच जाऊन आल्या, आणि ज्या भाचीस हातांवर वाढविली तिला पुढे मरेपर्यंत "आपण कोण?" म्हणोन आदराने विचारीत होत्या.

किल्ल्यावर मात्र आरसा नाही. रयतेचे सुख बंदिवानास मिळो नये म्हणोन ही शिक्षा, आणि म्हणोन सगळ्या मुलखात आरसा नसलेली तेवढी एकच जागा. द्वारकाबाई दर संक्रांतीस बापास भेटावयास डोंगर चढीत, आणि पहारेकरी त्यांचा आरसा दरवाजाशी टोपलीत ठेवोन वर फडके घाली, आणि मग दोन घटका बापलेकी बोलत बसत. काय बोलत ते आरशास ठाऊक नाही, सबब या लेखकासही नाही. उतरताना बाईंचे डोळे सुजलेले असत ऐसे पहारेकरी सांगतो, परंतु तो म्हातारा आहे आणि त्याची नजर अधू आहे.

असो. पडताळ्याचे दिवशी पंतांस डोलीत घालोन खाली आणिले. दाढी पांढरी, पाठ वाकलेली, अंगावरचे धोतर विरोन गेलेले. द्वारकाबाई पहाटेपासून वाड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर गाठोडे, त्यात नवे धोतर आणि दुधात भिजवोन केलेल्या दशम्या, कारण बाप आज घरी येणार याविषयी त्यांना संशय नव्हता. पुढची खोली सारवोन, खाट टाकोन, वर जुने पांघरूण घालोन त्या आल्या होत्या. सभा भरली तेव्हा त्यांसही आत कडेस बसविले. सभामंडप नवा, संगमरवरी, खिडकी एकही नाही, गार हवा यंत्रातून येते, फरशी दिवसातून तीन वेळा पुसतात. पडताळ्याचा अंमलदार रायाजी पडताळनीस, गृहस्थ मऊ स्वभावाचा, नियमास पक्का. त्यांनी पुस्तक उघडोन पहिले कलम वाचिले: "घरोघर सरकारचा डोळा आणि कान बसतील, शिपाई दारे मोडोन ते भिंतीस ठोकतील." मग चौकशी जाहली. डोळा आहे, कानही आहे, परंतु दार एकही मोडले नाही. रयतेने दसऱ्याचे मुहूर्तावर दुकानापुढे रांगा लावोन ते आपणच विकत घेतले आणि घरी आणोन हळदकुंकू वाहिले. सभासद म्हणाले, मग कलम खोटे. पडताळनीस म्हणाले, "मुख्य गोष्ट डोळा. दाराचं काय एवढं? पंत, आपण काय म्हणता?" पंतांनी चष्मा नीट केला, मानकऱ्यांच्या हातांतले आरसे एकेक करोन पाहिले आणि म्हणाले, "हेच ते. रांगेचं तेवढं मला सुचलं नव्हतं."

मग दुसरे, तिसरे करीत सहावे कलम आले की, चव्हाट्यावर पुस्तकांच्या होळ्या होतील. ग्रंथालयाचे रखवालदार बोलाविले. ते म्हणाले, "एक पान जळालं नाही सरकार. कपाटांना नऊ वर्षांत कुणी हात लावला नाही. जाळायला म्हणून तरी कुणी आत यावं लागतं ना!" पंत म्हणाले, "हेच ते." मग नववे आले की, शेजारी शेजाऱ्याची चहाडी करील, तो पाहता मुलखात चहाडखोर एकही सापडेना, कारण जो तो आपली आपणच करतो, काय जेवलो, कोठे गेलो, कोणाबरोबर बसलो ते चित्रासह चव्हाट्यावर लावितो आणि कोणी पाहिले नाही तर खट्टू होतो. पंत म्हणाले, "हेच ते," आणि थोडे हसले. आणि पुढे तेरावे की, रयतेस भूल पडेल ऐसे औषध पाण्यातून पाजतील. याच्या चौकशीस आदले दिवशी एक कारकून गावात पाठविला होता, तो एका घरी आरशात डोके घालोन बसलेल्या मंडळींत जाऊन बसला आणि आपण कशास आलो तेच विसरला, शेवटी त्यास बायकोने शोधोन घरी नेला. चुलीवरचे दूधही त्या घरी उतू गेले होते. ऐसे करीत सतरा कलमे जुळली, आणि दरबारास शरम वाटावी तर उलट सगळे खूश जाहले, कारण एका भेदरलेल्या कारकुनाने जे जे मनात आणिले ते ते राज्याने करोन दाखविले होते आणि तेही कोणास ओरखडा न उठविता. महाराजांनी आरशातून निरोप धाडिला, "शाब्बास." पालखी दाराशी आणिली. द्वारकाबाईंनी गाठोड्याची गाठ सोडोन धोतर बाहेर काढिले आणि त्याची घडी हाताने सारखी करीत बसल्या.

मग अठरावे कलम निघाले. त्यात एवढेच होते की, "आणि रयत रडेल." पडताळनिसांनी दफ्तर मागविले. आरशांचा अकरा वर्षांचा दाखला ऐसा की, समाधानशाळा काढल्यापासोन रडणारे दर वर्षी कमी कमी होत गेले आणि सरत्या वर्षी एकही नाही. लग्नाकार्यात नाही, मयतीत नाही. पडताळनीस पुस्तकावर बोट ठेवोन म्हणाले, "पंत, सतरा कलमं तुमची बिनचूक. हे एवढं अठरावं कशाला लिहिलंत हो?" पंतांनी पुस्तक हाती घेऊन आपली ओळ पुन्हा वाचिली. मग म्हणाले, "मला वाटलं, रडतील."

तेव्हा पडताळनिसांनी नाइलाजाने शेरा मोठ्याने उच्चारीत लिहावयास घेतला की अठरावे कलम खोटे, सबब बंदिवान किल्ल्यावर परत, आणि तो ऐकताच द्वारकाबाईंच्या हातातील धोतर खाली पडले आणि त्या रडू लागल्या. आवाज नाही, नुसत्या धारा. अकरा वर्षांत दरबारी ऐसा प्रकार घडला नव्हता. मंडपातले पंचावन्न आरसे एकदम गोड आवाजात बोलिले, "रडता काय?" आणि सगळे जागचे जागी थिजले. कोणासही कळावे ऐसा पेच होता. बाई रडल्या ऐसे ठरले तर अठरावे कलम खरे आणि पंत घरी. आणि बाई रडल्या ऐसे ठरले तर दोन प्रहरांत पांढरी गाडी. पडताळनिसांनी लेखणी खाली ठेविली आणि हळू म्हणाले, "पंत, पालखी दाराशी आहे. शिरस्त्याप्रमाणे तुम्ही पाहून म्हणायचं."

द्वारकाबाई उठोन उभ्या राहिल्या. "बाबा, म्हणा. हेच ते म्हणा. होय, मी रड—"

"द्वारके!" पंत ऐसे ओरडले की चाळीस वर्षांत त्यांचा तो आवाज कोणी ऐकिला नसेल. मग ते डोलीची दांडी धरोन उठले, लेकीजवळ गेले, विरलेल्या धोतराचे टोक बोटास गुंडाळोन तिच्या डोळ्याशी नेले, आणि लहान पोराचा डोळा पाहतात तैसा पाहोन सभेकडे वळले. "हे ते नव्हे," पंत म्हणाले. "कचरा गेलाय हिच्या डोळ्यात. धुळीचा त्रास आहे हिला, लहानपणापासून."

"बाबा, खोली सारवून ठेवलीय मी," बाई म्हणाल्या. "खाट टाकलीय."

"असू दे. धोतर संक्रांतीला घेऊन ये वर. आणि तिळगुळ मऊ कर, दात राहिले नाहीत." मग त्यांनी लेकीस विचारिले, "काय गं, कचराच गेलाय ना?"

बाईंनी बापाकडे पाहिले. मंडपास खिडकी नाही आणि फरशी नुकतीच पुसली होती, हे सगळ्यांस दिसत होते. मग त्या म्हणाल्या, "हो. कचरा गेलाय." आणि आरशांनी ते मानिले, कारण आजवर कोणी त्यांच्याशी खोटे बोललेच नव्हते, सबब खोटे कैसे असते हे त्यांस ठाऊक नव्हते. मग पडताळनीस उपरण्याने डोळे टिपोन म्हणाले, "इथं धूळ फार आहे," आणि मग त्यांच्याजवळचे दोन मानकरी तेच म्हणाले, आणि मग दाराशी पालखीचे भोई, आणि चोपदार. त्या दिवसाचे नोंदवहीत ऐसे आहे: रडणे, नाही, डोळ्यांत कचरा, असामी एकवीस. एकविसावा कोण हे लिहिण्याचे प्रयोजन नाही, परंतु नोंदवही लिहिणारा आमच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता. अंताजीपंतांचे भाकीत खोटे ठरले, आणि त्यांस डोलीत घालोन सूर्य मावळण्यापूर्वी किल्ल्यावर पोचविले.

परंतु त्या दिवसापासोन राज्यात धुळीचा उपद्रव सुरू जाहला. आधी शहरात, मग गावोगाव, आरसे कळवू लागले की आज इतक्यांच्या डोळ्यांत कचरा गेला. महाराजांस काळजी वाटली आणि घरोघर सरकारी केरसुण्या वाटिल्या, रस्त्यांवर दोन वेळ पाणी मारविले, तरी धूळ कमी होईना; ऐन श्रावणात, चिखलाचे दिवसांत, दुप्पट जाहली. शहाण्यांची मंडळी बसविली. त्यांनी शोधोन काढिले की मुलीच्या पाठवणीस, मयताच्या अंगणात, लेकरू परगावी निघाले म्हणजे आणि कधी कधी काही एक कारण नसता धूळ विशेष उठते, मात्र ती कोठोन येते हे त्यांस सांगता येईना, आणि सांगताना त्यांपैकी दोघांच्या डोळ्यांत गेली. पांढऱ्या गाड्या उभ्या आहेत, समाधानशाळेस कुलूप आहे. द्वारकाबाई संक्रांतीस डोंगर चढोन धोतर देऊन आल्या, ते पंतांस थोडे आखूड जाहले.

एवंच, राज्य थोर, प्रजा सुखी, आणि भाकितांत सतरा कलमे खरी असता शेवटचे खोटे, हे दफ्तरी पक्के नमूद आहे. मुलखात कोणी रडत नाही. धूळ मात्र फार आहे. लेखनसीमा.