सरळ जा, मग उजवीकडे

हमदान आपली मुलगी नव्वारा द्यायला तयार होता, पण त्याची एक अट होती. "दाजींबरोबर एक अख्खा दिवस हिंडणार. माणूस कसा आहे ते बघणार, मग काय ते सांगणार," असं त्याने सोहागहून फोनवर आपल्या बहिणीला, रतीबाला कळवलं आणि शनिवारी सकाळी तो कैरोत येऊन दाखल झाला.

रतीबाचा नवरा वगदी पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांच्या मुलाने, इहाबने, नव्वाराशिवाय दुसरी कुणी नको म्हणून आठवडाभर जेवण सोडलं होतं. म्हणजे घरचं, बाहेर तो व्यवस्थित जेवत होता. तेव्हा मेहुण्यावर छाप पाडणं भाग होतं. "जुनं कैरो दाखवतो," वगदी ऐटीत म्हणाला. "मेट्रोने अताबाला उतरू, तिथून पायी सुलतान हसनची मशीद. मला तिथला दगड न् दगड ठाऊक आहे!"

पन्नास वर्षं कैरोत काढूनही त्याने ती मशीद पाहिली नव्हती. साडेसहाशे वर्षं जागेवर आहे, कुठे पळून जाते, असा त्याचा हिशोब.

रतीबा बायकांच्या डब्यात चढली आणि चार जणींकडून मशिदीचे चार रस्ते विचारून उतरली. "अहो, एक म्हणाली डावीकडून..."

"हळू बोल," वगदी दातओठ खात पुटपुटला. "दादा ऐकतोय तुझा."

आमच्या कैरोत रस्ता विचारला आणि समोरचा 'माहीत नाही' म्हणाला, असं आजवर घडलेलं नाही. परक्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? रस्ता ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं. वगदीने बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहून उसाच्या रसवाल्याला विचारलं. "सरळ जा, मग उजवीकडे," तो छातीठोकपणे म्हणाला. उजवीकडे पत्र्याच्या बादल्यांचं दुकान निघालं.

"हा मामलुक सुलतानांच्या काळचा बादलीबाजार," वगदीने ठोकून दिलं. हमदानने एका बादलीला आदराने हात लावला.

मग शिंप्याने डावीकडे पाठवलं आणि औषधाच्या दुकानदाराने "मागे टाकून आलात की!" म्हणून परत वळवलं. वाटेत तांता गावाहून आलेल्या एका कुटुंबाने वगदीलाच गाठलं. "काका, सुलतान हसनला कसं जायचं?" नाही म्हणायची सोय नव्हती. "या माझ्यामागून," वगदी म्हणाला, आणि मागे नऊ माणसं वाढली.

वरात एका जुनाट भिंतीपुढे थांबली. "हा सुलतानाचा हमामखाना," वगदी म्हणाला.

वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, "कसला हमामखाना? इस्त्रीचं दुकान आहे ते! आणि माझ्या दारात गर्दी कसली?"

"आता इस्त्रीचं," वगदी घाम पुसत म्हणाला.

दुपारी चार वाजता सगळे तिसऱ्यांदा बादल्यांपाशी आले. "आलात? आता बसाच," असं म्हणत दुकानदाराने बादल्या पालथ्या घातल्या आणि चहा मागवला. हमदान बूट काढून तळवे चोळू लागला. ते पाहून वगदीला फार वाईट वाटलं. किती खोटं बोलायचं माणसाने! तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "काका, सुलतान हसनची मशीद कुठे आली?"

"पोरी," वगदी म्हणाला, "मला माहीत नाही."

दुकानदाराचा चहा तोंडाशीच थांबला. मुलगी हिरमुसून निघाली. "अहो!" रतीबाने कपाळाला हात लावला.

हमदान उठून उभा राहिला. "दाजी, रस्ता चुकलोय हे मला दुसऱ्या बादलीफेरीलाच कळलं होतं. मी चकार शब्द काढला नाही. पाहुण्याचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून तुम्ही इस्त्रीच्या दुकानात सुलतान घुसवलात. म्हटलं, माझी पोर या घरात सुखाने नांदेल. आणि आता परक्या पोरीला 'माहीत नाही' सांगून वाटेला लावलंत? उद्या माझी नव्वारा काही विचारायला आली तर तिलाही असंच?"

"पण मला खरंच माहीत नाही हो!"

"मग? मला तरी कुठे माहीत आहे?"

वगदी उठला आणि धावत सुटला. "पोरी, थांब! सरळ जा, औषधाच्या दुकानाशी उजवीकडे वळ, चौक ओलांड, की समोरच!" मुलीने त्याला दुवा दिला आणि ती पुढे गेली.

वगदी धापा टाकत परतला तेव्हा हमदानने दोन्ही तळहात वर धरले होते. बादल्यांच्या मधोमध दोघा बापांनी सोयरीक जुळली की म्हणतात तो कुराणातला फातिहा वाचला, लग्न पक्कं झालं. तांतावाले जोरात 'आमीन' म्हणाले, दुकानदाराने सगळ्यांना सरबत पाजलं आणि रतीबाला रडू आवरेना.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी तीच मुलगी हात हलवत ओरडली, "काका, सापडली! तुम्ही सांगितलंत तिथेच आहे!"

तांतावाले पिशव्या उचलून पळाले. हमदानने बूट पायात सरकवले.

"थांबा, मीही येतो," वगदी गडबडीने म्हणाला. "मलाही एकदा बघायचीच होती."