मगर विचाराधीन आहे

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर मनोरा होता. मनोऱ्यात रेडिओ होता. जंगलात रेडिओ कुठून आला, असं विचारू नका. सिंह राजा कसा झाला, हे विचारलंत का कधी? मग गप्प बसा आणि ऐका.

उतरणाऱ्या पक्ष्यांशी रेडिओवर बोलायचं काम धनेशरावांकडे होतं. धनेश हा भल्या मोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी म्हणून पद मोठं. त्या जंगलात नेमणुका अशाच होत.

पूर्वी या तळ्यावर कुणी कसंही बोलायचं. "ये की, जागा आहे" असं खालून कुणी ओरडायचं आणि वरून दोन थवे एकदमच यायचे. एकदा असेच दोन करकोचे आदळले आणि एकाची मान मोडली. तेव्हा ठरलं, की वाक्यं नेमकी असावीत आणि ऐकणाऱ्यानं ती जशीच्या तशी म्हणून दाखवावीत. नियम चांगला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण चांगल्या नियमाची माती करायलाही अक्कल लागते, आणि ती तिथं भरपूर होती.

वाक्यं ठरवायला समिती बसली. तळ्याची प्रतिनिधी म्हणून मगरीला घेतलं. 'पाण्यात मगर आहे' हे वाक्य चर्चेला आलं तेव्हा मगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझं नाव घेऊन लोकांना घाबरवणार?" ती म्हणाली. "मी इथली मूळची रहिवासी आहे."

समितीला फार वाईट वाटलं. ते वाक्य विचाराधीन ठेवलं आणि बाकीची एकशे अकरा वाक्यं छापून घेतली. नंतर मगरीनं सगळ्यांना मासे खाऊ घातले.

धनेशरावांनी नियमावली तोंडपाठ केली. झोपेतही ते बिनचूक घोरायचे म्हणे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी कादंबाकाकू आल्या. काकू म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली हंसी. हिमालय ओलांडून आल्या होत्या, आणि मागे यंदाचीच सात पिलं. सगळ्यांचे पंख थकून गेले होते.

"मनोरा, मी कादंब आठ. खाली येतेय हो."

"कादंब आठ, दुरुस्ती. 'अवतरणाची अनुमती मिळावी' असं म्हणा."

"अहो धनेशराव, लेकरं दमलीत."

"कादंब आठ, 'अहो' हा शब्द नियमावलीत नाही. 'लेकरं' हाही नाही."

काकूंनी निमूटपणे वाक्य म्हटलं. धनेशरावांनी पूर्वेकडून उतरायला सांगितलं. काकूंनी तेही म्हणून दाखवलं, पहिल्यांदा एक शब्द चुकला म्हणून दुसऱ्यांदा म्हणून दाखवलं, आणि पाय पुढे काढून पाण्याकडे निघाल्या. सात पिलं मागोमाग.

तेवढ्यात पूर्वेच्या पाण्यात दोन डोळे वर आले.

धनेशरावांना ते दिसले. बाळांनो, ते दुष्ट नव्हते. त्यांनी घाईघाईनं नियमावली उघडली. 'पाण्यात ओंडका आहे' सापडलं. पण हा ओंडका नव्हता, आणि खोटी सूचना देणं हा गुन्हा होता. 'पाण्यात म्हशी आहेत' सापडलं. म्हशीही नव्हत्या. 'पुन्हा वर जा' असं म्हणायची सोय होती, पण त्यापुढे कारण सांगणं सक्तीचं होतं, आणि कारण नियमावलीतलंच हवं होतं. मगरीच्या पानावर लिहिलं होतं : विचाराधीन.

काठावर टिटवी उभी होती. तिच्याकडे रेडिओ नव्हता, पद नव्हतं, आणि तिचा आवाज अशुभ असतो असं जंगलाचं ठाम मत होतं.

"आरं धनेशा, बोल की!" ती खालून ओरडली. "दिसत न्हाई व्हय तुला?"

"मी वाक्य शोधतोय," धनेशराव म्हणाले, आणि त्यांना एक निर्धोक वाक्य सापडलं. "कादंब आठ, प्रतीक्षा करा."

"कादंब आठ प्रतीक्षा करत आहे," काकू म्हणाल्या आणि खाली येतच राहिल्या. हवेत पाय काढून झाल्यावर प्रतीक्षा कशी करायची, हे त्या एकशे अकरा वाक्यांत कुठंही नव्हतं.

मग टिटवी उडाली. थेट काकूंच्या तोंडासमोर गेली आणि किंचाळली, "मगर हाय खाली! वर व्हा, मेल्यांनो, वर!"

काकू वळल्या. पिलं वळली. मगरीचा जबडा मिटला तेव्हा त्यात शेवटच्या पिलाच्या शेपटीची दोन पिसं होती, बाकी काही नव्हतं. थवा कसाबसा पलीकडच्या चिखलात जाऊन आदळला. काकूंचा पंख मुरगळला. पण आठही जीव जिवंत होते.

तुम्हाला वाटेल, आता टिटवीचा सत्कार झाला असेल. तुम्ही लहान आहात.

चौकशी झाली. सिंहासमोर चिटणीस कोल्ह्यानं अहवाल वाचला. धनेशरावांनी एकही चुकीचा शब्द उच्चारला नव्हता, म्हणून त्यांना शुद्धवाणी पदक मिळालं. टिटवीवर तीन आरोप होते. परवाना नसताना सूचना दिली. समितीपुढे विचाराधीन असलेला शब्द वापरला. वर 'मेल्यांनो' म्हणाली. थवे उतरण्याच्या वेळात तिची चोच गुळवेलीनं बांधून ठेवायची, असं ठरलं.

"आणि काकू," कोल्हा म्हणाला, "टिटवीची सूचना तुम्ही म्हणून न दाखवताच पाळलीत. लेखी माफी द्या, नाहीतर तुमच्या थव्याला या तळ्यावर उतरता येणार नाही."

"म्हणून दाखवायला थांबले असते तर आम्ही आठही जण मगरीच्या पोटात गेलो असतो, महाराज."

सिंहानं कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा म्हणाला, "पण नोंद व्यवस्थित झाली असती."

इथं मला राग येतो, म्हणून भरभर सांगतो. काकूंनी माफी दिली नाही. पिलांना म्हणाल्या, "चला रे, ज्या पाण्याला मनोरा नसेल तिथं जाऊ." मुरगळल्या पंखानं त्या उडाल्या. जाताना टिटवीलाही चल म्हणाल्या. टिटवीनं नकारार्थी मान हलवली. तिचा जन्म त्या काठावर गेला होता, आणि अजून बरेच थवे यायचे होते.

दुसऱ्याच दिवशी अकरा बदकांचा थवा आला. टिटवी काठावर बांधलेल्या चोचीनं थयथयाट करत होती. खाली मगर होती. वर मनोऱ्यात धनेशराव होते, गळ्यात पदक होतं. त्यांनी पूर्वेकडून उतरायला सांगितलं. बदकांनी अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं. मग धनेशरावांनी प्रतीक्षा करायला सांगितली. बदकांच्या म्होरक्यानं तेही म्हणायला घेतलं, पण त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं.

धनेशरावांनी वहीत वेळ लिहिली. वाक्य पूर्ण न केल्याबद्दल अकराही बदकांवर मरणोत्तर ठपका ठेवण्यात आला.

तात्पर्य : बाळांनो, कुणी तुमचा जीव वाचवायला धावलाच, तर आधी त्याचा परवाना तपासा. आणि नियम पाळणाऱ्यांचा आदर्श हवा असेल, तर मेलेल्यांकडे पाहा. मेल्यानंतर त्यांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही.