आप्पांच्या कॉम्प्युटरची धाप

चौगुले आप्पा कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याच्या डब्यावर पालथा हात ठेवतात. क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "ताप न्हाय. बसूया."

आप्पा कोल्हापुरात जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. उभा जन्म म्हशींच्या कानाला हात लावून ताप ओळखण्यात गेला. निवृत्तीनंतर म्हशी सुटल्या, सवय राहिली. पंखा घरघरला की "छाती भरलीया", पडदा थिजला की "रवंथ करतंय, थांबा जरा."

हा सगळा दवाखाना एका खेळासाठी. इंटरनेटवर चौघांनी मिळून खेळायची लढाई. आधी शेती करायची, लाकूड तोडायचं, किल्ला बांधायचा, मग सैन्य घेऊन समोरच्यावर चाल करायची. दर रविवारी सकाळी दहाला एका बाजूला आप्पा आणि मलकापूरचे दाजी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्या बाजूला सांगलीचे दोन बँकवाले. सुरुवात बरी होते. सैन्य वाढलं की खेळ अडखळायला लागतो. घोडा पाय उचलतो आणि टेकायचं विसरतो. मग हेडफोनमधून सांगली ओरडते, "कुणाचं मशीन अडकतंय वो?"

"माझं, माझं!" आप्पा हात वर करतात. सांगलीला तो दिसत नाही, तरी करतात. "म्हातारं जनावर हाय पावणं, सांभाळून घ्या की."

हे जनावर बरं करायचंच, असं मी ठरवलं होतं. मी मुरगूडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि ती पदवी मी आप्पांच्या माडीवरच्या खोलीत राहून घेतली. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पासाठी आप्पांनी दोन महिने स्वतःचा खेळ बंद ठेवला. "लढाई कुठं पळून जात न्हाय," एवढंच म्हणाले. आज मी कॉम्प्युटर दुरुस्तीवरच पोट भरतो. त्यांचं एक मशीन मला बरं करता येऊ नये?

आधी डबा उघडून धूळ काढली. "नाकपुड्या मोकळ्या झाल्या," आप्पा म्हणाले. मग मेमरी वाढवली, मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम बंद केले, वायफाय सोडून थेट वायर जोडली. खेळातल्या सावल्या बंद केल्या, तेव्हा मात्र आप्पा चिडले. "सावली न्हाय? माझं सैन्य हाय का भुतावळ?" प्रत्येक उपचार ते भिंतीवर चिकटवलेल्या केसपेपरवर लिहायचे. 'धूळ काढली. दोनशे सैनिकांनंतर धाप.' 'वायर जोडली. धाप कायम.'

शेवटी एका शनिवारी मी त्यांच्या मशीनवर एकटाच खेळायला बसलो. चारशे सैनिक उतरवले. घोडे भरधाव सुटले, धाप नाहीच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अशा खेळात चारही मशीन एकमेकांच्या पावलाला पाऊल मिळवून चालतात. एक मागे राहिलं की बाकीची त्याच्यासाठी थांबतात. दुसऱ्या दिवशी ऐन लढाईत मी प्रत्येकाच्या मशीनचा वेग दाखवणारी कळ दाबली. तीन नावं हिरवी आली. 'मलकापूर दाजी' तेवढं लाल.

"आप्पा, सापडलं! तुमचं मशीन ठणठणीत आहे. दोष तर..."

आप्पांनी झटकन माईक मुठीत धरला.

"ठाव हाय मला." एवढ्या वर्षांत आप्पांचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता.

"मग उद्याच मलकापूरला जातो. तासाभराचं काम आहे."

"जाऊ नको." ते पडद्याकडे बघत राहिले. "आक्का गेली, त्याच साली दाजींच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात उचलत न्हाय. डाव्या हातानं माऊस धरत्यात. खेळ पळाय लागला की हिकडं घर पेटतं आन् ते अजून बाण हुडकत असत्यात. हळू हाय म्हणून त्यास्नी गावतंय. घरात दुसरं बोलाय कोण न्हाय रं."

"आणि सांगलीवाल्यांना कळलं तर?"

"म्हणतील, दुसरा गडी घ्या. म्हणून तर माझं मशीन आजारी हाय."

तेवढ्यात हेडफोनमधून दाजींचा जड, अडखळता आवाज आला. "आप्पा, लेका, दाखव की ते मशीन कुणाला तरी! किती दिस थांबायचं आम्ही तुझ्यासाठी?"

आप्पांनी मूठ सोडली. "दाखवलंय वो दाजी. इंजिनिअर शेजारीच बसलाय. त्यालाच इचारा."

माईक माझ्याकडे वळला. गिऱ्हाइकाला मशीनबद्दल खोटं सांगायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता.

"जुनं आहे हो दाजी," मी म्हणालो. "एवढ्यात बरं व्हायचं नाही."

"ऱ्हाऊ दे मग," दाजी म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाय? घेऊ सांभाळून त्याला."

पडद्यावर आप्पांचे घोडेस्वार पुलाच्या अलीकडे थांबले होते. पलीकडून दाजींचे तीन भालेवाले एकेक पाऊल टाकत त्यांच्याकडे येत होते.