डेन्मार्कसाठी केलेलं आयवार

सोतिरला टाय काही केल्या जमेना. गाठ कधी कानाखाली जाई, कधी पार छातीवर लोंबे. जर्मनीत इतकी वर्षं फरशा बसवताना टायशी कधी गाठ पडली नव्हती, आणि आज तर साक्षात डेन्मार्कचं गिऱ्हाईक दारात येणार होतं!

"झिवका, जरा बघ ना हे!" तो ओरडला.

बायको आत आली ती मिरच्यांचं पोतं ओढत. "टाय राहू दे. आधी अंगणातली भट्टी पेटव."

"आज? अगं, आज पौल्सेनसाहेब येतायत! विसरलीस?"

"मी नाही विसरले, तूच विसरलास. सप्टेंबरातला शनिवार आहे, ऊन पडलंय, मिरच्या स्वस्त झाल्यात. आज आख्ख्या गावात भट्ट्या पेटल्यात."

"म्हणून तर त्यांना आज बोलावलं! मिरची आजच्यासारखी वर्षात दुसऱ्यांदा मिळत नाही."

"ते गावालाही ठाऊक आहे," झिवका म्हणाली आणि पोतं ओढत अंगणात गेली.

तिच्या बोलण्यातली मेख सोतिरच्या ध्यानात आली नाही. तो आनंदाने उडतच कारखान्याकडे निघाला. कारखाना म्हणजे गावाबाहेरची एक बंद पडलेली पत्र्याची शेड. जर्मनीतली सगळी पुंजी ओतून त्याने ती वसंतात विकत घेतली होती. लांब लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि तेलात हात मोडेस्तोवर घोटायच्या, की झालं आयवार. ऑगस्टमध्ये त्याने बरण्यांचा पहिला घाणा काढला आणि मग त्याच्या लक्षात आलं की मॅसेडोनियात आयवार विकणं म्हणजे नदीकाठी पाणी विकणं. इथे घरोघरी आयवार होतं. बरण्या गोदामात छतापर्यंत चढल्या, बँकेचे फोन सुरू झाले. अशात एका संध्याकाळी टीव्हीवर मंत्री म्हणाले, "निर्यात हा देशाचा कणा आहे!" सोतिर ताडकन उठून बसला. त्याने परदेशात दिसेल त्याला नमुने पाठवले आणि त्यातला एक पौल्सेनला आवडला. आजचा करार झाला तर कारखाना जगणार होता. नाही झाला तर सोतिरला पुन्हा जर्मनीला, पुन्हा फरशा.

त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं. आत चिटपाखरू नव्हतं. कामगार बायांचे पांढरे झगे खुंट्यांना ओळीने लटकत होते.

तो धावत गावात आला. प्रत्येक अंगणातून धूर निघत होता. मुकादमीण स्टोयनामावशी आपल्या भट्टीपाशी पाय पसरून बसली होती. कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी ती मिरच्या सोलत होती.

"मावशी! अहो, कामावर नाही आलात?"

"अरे, वेड लागलंय का तुला? आयवारच्या दिवशी कामावर कोण जातं?"

"पण कामावरसुद्धा आयवारच करायचंय ना!"

"ते डेन्मार्कसाठी," मावशी शांतपणे म्हणाली. "हे आमच्यासाठी."

"दुप्पट पगार देतो."

"आणि जानेवारीत पोरं काय तुझा पगार पावाला लावून खातील?"

"कारखान्यातल्या बरण्या आहेत की! लागतील तेवढ्या फुकट न्या."

अंगणातल्या सगळ्या बायांचे हात थांबले. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. "विकतचं आयवार?" मावशीचा आवाज चिरका झाला. "सोतिर, माझं घर काय ओस पडलंय?"

सोतिर कपाळाला हात लावून कुंपणाला टेकला. तासाभरात पौल्सेन येणार आणि खुंटीवरचे झगे बघून परत जाणार. पण घाम फुटला की त्याचं डोकं जोरात चालतं. तो एकदम उसळून म्हणाला, "मावशी, तुमच्याच मिरच्या कारखान्यात आणून भाजा! गॅस माझा, भट्ट्या माझ्या, सावली माझी. फक्त झगे घाला."

मावशीने भट्टीजवळच्या लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. लाकडं यंदा महाग होती. "गॅस फुकट?"

"फुकट!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. गॅस फुकट आहे म्हटल्यावर कामगारच काय, जिने कधी कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं तीही पातेलं घेऊन हजर झाली. नवरे पोती घेऊन आले, म्हातारे राकिया दारूच्या बाटल्या घेऊन आले. झिवकासुद्धा आली. "भट्टी पेटवायला नवरा घरी नाही, मग करू काय?" म्हणत तिने सगळ्यात मोठी शेगडी अडवली. झगे पुरले नाहीत म्हणून उरलेल्यांना सोतिरने टेबलावरच्या चादरी गुंडाळल्या.

पौल्सेन गाडीतून उतरला तो आ वासूनच. उंच, गोरापान, नाकावर आधीच ऊन लागलेला माणूस. दोघांचं बोलणं जर्मनमधून चाले, दोघांचीही जर्मन लंगडी.

"एवढे कामगार?" पौल्सेनने विचारलं.

"हंगाम आहे," सोतिर छाती फुगवून म्हणाला.

"आणि प्रत्येक जण आपापलं स्वतंत्र पातेलं ढवळतोय?"

"आमची पद्धत आहे ती. जुनी."

इथवर सगळं सोन्यासारखं चाललं होतं. पण पाहुणा पातेल्याजवळून नुसता पुढे गेला तर ते मॅसेडोनिया कसलं! लेन्काने त्याला पहिला घास भरवला. लेन्का ही स्टोयनामावशीची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण आणि तीस वर्षांपासूनची वैरीण. पौल्सेनने डोळे मिटले, "आहा!" म्हणाला. ते ऐकून मावशी पाव घेऊन धावली. "तिच्या आयवारात वांगी जास्त असतात. हे खा!" मग झिवकाने खिलवलं, मग तिच्या शेजारणीने. कुणाचं तिखट, कुणाचं लसणीचं, कुणाचं नुसत्या मिरचीचं. पौल्सेनचं नाक, गाल, कान सगळं मिरचीच्या रंगाचं झालं, तरी तो खातच राहिला.

शेवटी त्याने तोंड पुसलं. "आता आपण करार करतोय तो माल दाखवा."

सोतिरने गोदामातली बरणी आणली, झाकण उघडलं, चमचा दिला. पौल्सेनने चव घेतली आणि चमचा हळूच खाली ठेवला.

"टपालाने आलं तेव्हा हे मला आवडलं होतं," तो खिन्नपणे म्हणाला. "तेव्हा मी पातेल्यातलं खाल्लं नव्हतं." त्याने पातेल्यांकडे बोट केलं. "मला हे हवंय. सगळं."

 सोतिरने टाय ओढून काढला आणि बायांना पौल्सेनचं म्हणणं सांगितलं. किंमतही सांगितली. किंमत चांगली होती, खरं तर भलतीच चांगली.

"विकायचं?" मावशी कडाडली. "हिवाळ्याची बेगमी विकायची? पाहुण्याला एक बरणी भेट देते. विकणार नाही!"

"नाही विकणार!" सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या.

सोतिर सगळ्यांसमोर मटकन पोत्यावर बसला. त्याला रडायला येत होतं आणि त्याने ते लपवलंही नाही. "गेलं," तो म्हणाला. "गेलं सगळं. सोमवारी जर्मनीचं तिकीट काढतो."

झिवकाचा डाव पातेल्यात थांबला. पण ती काही बोलायच्या आतच लेन्काने घसा खाकरला.

"पोराचे डोळे बघवत नाहीत मला," ती म्हणाली. "माझं घे. सगळं घे."

 मावशीने झग्याला बोटं पुसली. "म्हणजे आता डेन्मार्कात हिचं आयवार जाणार?" ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "तिथले लोक हिचं खाणार आणि म्हणणार, मॅसेडोनियाचं आयवार असलं असतं? देशाची अब्रू आहे की नाही काही? सोतिर, ऊठ! माझं पण घे. हिच्यापेक्षा एक तरी बरणी जास्त घे!"

मग कोण मागे राहतंय! मावशीने दिलं म्हणून तिच्या नणंदेने दिलं, नणंदेने दिलं म्हणून विहिणीने. झिवकाने तर नवऱ्याकडे न बघता आपलं आख्खं पातेलं पुढे सारलं. घरी राहिलेल्यांनी ऐकलं तेव्हा त्याही हातगाड्यांवर पातेली लादून आल्या. रविवारी संध्याकाळी ट्रक भरून उत्तरेला निघाला तेव्हा म्हातारे टोप्या हलवत रस्त्यावर उभे होते आणि सोतिर ट्रकमागे वळणापर्यंत धावत गेला. निर्यात झाली होती! बँकेच्या साहेबाने स्वतः फोन करून अभिनंदन केलं.

त्या सप्टेंबरात पुढे नुसता पाऊस लागला. मिरच्या कुजल्या. मंडईत उरल्यासुरल्या मिरच्यांचे भाव ऐकून बाया आल्या पावली परतल्या.

जानेवारीत बर्फ पडलं आणि एका दुपारी स्टोयनामावशी शालीत तोंड लपवून कारखान्यात आली. "इकडून चालले होते," ती म्हणाली. गोदामाकडे बघत ती बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग एकदम पुटपुटली, "दहा बरण्या दे. आणि हे बघ, वरची लेबलं काढून दे."

सोतिरने मुकाट्याने लेबलं खरवडली. ती गेली आणि लेन्का आली. मग नणंद, मग विहीण. दारात एकमेकींच्या समोर आल्या की दोघी शाली घट्ट ओढत आणि थंडी फार पडल्याचं सांगत. बर्फ वितळायच्या आत गोदाम रिकामं झालं. डेन्मार्कने नाकारलेली बरणीन्‌बरणी गावाने खपवली होती.

त्याच सुमारास एकदा जेवताना झिवकाने सोतिरपुढे पाव आणि आयवार ठेवलं. आयवार तिच्या माहेरच्या जुन्या काचेच्या बरणीत होतं. सोतिरने पहिला घास घेतला आणि तो चघळतच राहिला. ऑगस्टमधली पाणचट मिरची त्याने जिभेवर लगेच ओळखली.

"कसं झालंय?" झिवकाने त्याच्याकडे पाठ करून विचारलं.

"फक्कड," तो म्हणाला.

"होणारच," झिवका म्हणाली. "घरचं आहे."