भास्करकाकांची जालन्याची केस

भास्करकाकांना "काका, बरे आहात ना?" असं विचारलं की ते आधी मागे वळून बघत, मग आवाज खाली आणून विचारत, "हे इचाराले तुले कोनं धाडलं?"

देऊळगाव राजात आमची भिंतीला भिंत. काका आयुष्यभर पोलिसांच्या गुन्हे शाखेत होते आणि फौजदार म्हणून निवृत्त झाले. म्हणजे खात्यानं त्यांना निवृत्त केलं. त्यांनी तो हुकूम स्वतःला कधी लागू करून घेतला नाही. दूधवाल्याला उशीर झाला तर त्याला आधी जबाब द्यावा लागे, मग पातेलं पुढे येई. "संशय नाई, पन खात्री बी नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते भाजीतल्या मिठाबद्दलही हेच म्हणत. काका गेले त्याला आता वर्ष होईल, पण आमच्या दूधवाल्याची सवय गेलेली नाही. तो अजून न विचारताच कारण सांगतो.

एका उन्हाळ्यात कमलकाकूंच्या गच्चीवरच्या कुरडया कमी होऊ लागल्या. चोराच्या पावलांचे ठसे मिळावेत म्हणून काकांनी गच्चीभर कणीक पसरली. सकाळी ठसे मिळाले. काकांनी ते फुटपट्टीनं मोजले, भिंगातून पाहिले, मला साक्षीला बोलावलं. तेवढ्यात काकू झाडू घेऊन वर आल्या. त्यांनी ठशांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे. पाय घोट्यापर्यंत पांढरे होते.

"आरोपी सापडला म्हना," काकू म्हणाल्या.

"मी पाहारा द्याले आलतो."

"आन मिशीले काय लागलं?"

काकांनी मिशी पुसली. "मुद्देमाल तपासाच लागते."

शुभांगी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला बघायला जालन्याचे पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा येण्याआधीच काकांनी मुलाला गच्चीवर नेलं आणि त्याच्या आईला अंगणात थांबवलं. दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न: "घरी दूध कोन तापवते?"

मुलगा म्हणाला, "मी. पण उतू जातं."

आई म्हणाली, "हाच तापवतो, अन् रोज उतू घालवतो."

काका घरात आले. "जबाब जुळले," म्हणाले, आणि लग्न ठरलं. नोकरीबिकरीचं काकूंनी मागाहून विचारून घेतलं.

लग्न होऊन काही महिने झाले होते. मी तेव्हा कामाला रोज बसनं जालन्याला जात असे. भर उन्हाळ्यात एक दिवस बसमध्ये कानटोपी आणि काळा चष्मा घातलेला माणूस दिसला.

"काका?"

"मले ओळखू नोको. जालन्यात केस हाये."

इतक्यात कंडक्टर आला. "काका, नेहमीसारखं जालनाच ना?"

त्या दिवशी मला कामाची घाई नव्हती. काकांच्या मागोमाग उतरून मी त्यांचा पाठलाग केला, आणि त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. शुभांगीच्या घरासमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर काका तोंडापुढे पेपर धरून बसले. मी शेजारी जाऊन बसलो.

"घरात काऊन नाही जात?"

"पोरीच्या सासरी बापानं घडीघडी जाऊ नये. लोक म्हनते, बाप लक्ष ठेवून राह्यला."

"मग आता काय करून राह्यले?"

काकांनी पान उलटलं. "लक्ष ठेवून राह्यलो."

वरच्या गॅलरीत शुभांगी बादली घेऊन आली. एकेक कपडा झटकून दोरीवर टाकू लागली. सगळे टाकून झाले, तशी ते काढून पुन्हा दुसऱ्या टोकापासून वाळत घालू लागली. काही गुणगुणत होती. काकांचा पेपर हळूहळू खाली येत होता.

मग खालचं दार उघडलं. शुभांगीच्या सासूबाई झाकलेली ताटली घेऊन टपरीवर आल्या, टपरीवाल्याच्या कानात काही बोलल्या आणि आमच्याकडे न बघता परत गेल्या. ताटलीत गरम थालीपीठ होतं.

"इथं चहासंगं थालीपीठ फुकट भेटते," काका मला म्हणाले. "दुकान चांगलं हाये."

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "पोरगी बरी हाये. पन सासू कामाले लय जुंपते. कवाची कपडेच वाळू घालून राह्यलती."

मला राहवलं नाही. "काका, ते कपडे कोरडेच होते. पाण्याचा एक थेंब खाली पडला नाही."

काकांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर नांगरलेली रानं मागे पळत होती.

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "थालीपीठाचं बी मालूम हाये. पन तू तिथं काही बोलू नोको. मंग ते आत बोलावतीन. आत गेलं का मी पाहुना होतो, ती सून होते. पदर सावरते, पानी आनून देते. गॅलरीत माही शुभीच असते."

मग त्यांनी चष्मा परत चढवला आणि कानटोपी नीट खाली ओढली, कारण गाव जवळ आलं होतं.